रामायणात 'ण' आणि रसायनात 'न' का? : व्यंजने आणि जिभेची जागा

'राम' आणि 'अयन' हे शब्द एकत्र आले की 'रामायण' होते, आणि 'रस' आणि 'अयन' एकत्र आले की 'रसायन' होते. दोन्हीकडे उत्तरपद तेच आहे, दोन्हीकडे आधी 'र' आहे, तरीही एका शब्दात 'न'चा 'ण' झाला आणि दुसऱ्यात झाला नाही. 'उत्तरायण' आणि 'दक्षिणायन' यांचेही तेच. शाळेत असे शब्द बहुतेक वेळा पाठ करून घेतले जातात, आणि पाठ केलेले परीक्षेनंतर विसरले जाते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आपल्याच तोंडात आहे, आणि जीभ कोणत्या वर्णासाठी कुठे जाते हे एकदा नीट पाहिले की ते उत्तर पाठ करावे लागत नाही.

जिभेत हाड नाही. ती आठ स्नायूंची (बहुतेक डाव्या-उजव्या जोड्यांनी असलेल्या) बनलेली आहे. त्यांपैकी चार तिचा आकार बदलतात आणि चार तिला जबडा, टाळू यांसारख्या आसपासच्या भागांशी बांधून ठेवून पुढे, मागे, वर, खाली हलवतात. हत्तीच्या सोंडेप्रमाणे तिचे आकारमान कायम राहते, त्यामुळे ती अरुंद झाली की लांब होते आणि आखूड झाली की फुगते. बोलण्याच्या दृष्टीने तिचे तीन भाग महत्त्वाचे आहेत: टोक आणि त्यालगतचा पातळ भाग, मधला भाग आणि मागचा भाग. हे तिन्ही भाग बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलू शकतात. मागचा भाग वर उचललेला असताना टोक खाली निवांत राहू शकते. ही साधी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळे तिच्यावरच उभे आहे.

जिभेच्या वर छत आहे. वरच्या दातांच्या मागून जिभेचे टोक हळूहळू मागे नेले, तर आधी दातांमागचा हिरडीचा उंचवटा लागतो, मग कठीण टाळू लागते, आणि आणखी मागे मऊ टाळू लागते, जिच्या शेवटी पडजीभ लोंबते. आता 'क, च, ट, त, प' हे पाच वर्ण सावकाश, एकेक करून म्हणून पाहावेत. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला चिकटतो, 'च'साठी पुढचा-मधला भाग कठीण टाळूला लागतो, 'ट'साठी टोक वर उचलून थोडे मागे जाते, 'त'साठी तेच टोक दातांना टेकते आणि 'प'मध्ये जिभेचे काहीच काम नसते, ओठ मिटतात. म्हणजे लहानपणी ओळीने म्हटलेल्या वर्णमालेचे वर्ग तोंडाच्या मागच्या बाजूने सुरू होऊन ओठांशी संपतात. रोमन लिपीतील ए, बी, सी या क्रमाला उच्चाराचा असा कोणताही आधार नाही. आपल्या वर्णमालेचा हा क्रम ज्यांनी लावला त्यांच्यापाशी आरशापेक्षा फारशी साधने नव्हती. स्वतःच्या तोंडातील स्पर्शाकडे बारकाईने लक्ष देऊन त्यांनी हे केले, आणि त्याबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे.

प्रत्येक वर्गातील पाच अक्षरांमध्ये जिभेची जागा जवळजवळ तीच राहते. 'त, थ, द, ध, न' म्हणताना टोक दातांपाशीच असते. बदलते ते इतर काही: 'द' आणि 'ध'मध्ये घशातील स्वरतंतू कंप पावतात, 'थ' आणि 'ध'मध्ये श्वास जोराने बाहेर पडतो, आणि 'न'मध्ये मऊ टाळू खाली येऊन हवेला नाकाची वाट मोकळी होते. नाक बंद धरून 'न' लांबवण्याचा प्रयत्न केला तर तो लगेच अडकतो, यावरून हे पडताळता येते.

प्राचीन शिक्षाग्रंथांत आणि प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदपठणातील उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, उच्चाराचे वर्णन करताना 'स्थान' आणि 'करण' असा भेद केलेला आढळतो. जिथे स्पर्श होतो ते स्थान, आणि जे स्पर्श करते ते करण. तैत्तिरीय प्रातिशाख्यात 'ट' वर्गाचे वर्णन करताना जिभेचे टोक मागे वळवून मूर्ध्याला, म्हणजे टाळूच्या उंच भागाला, लावावे असे सांगितले आहे. पाणिनीने तर 'तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्' या सूत्रात, तोंडातील स्थान आणि प्रयत्न सारखे असलेले वर्ण एकमेकांचे सवर्ण असतात, असे म्हणून पुढच्या कित्येक नियमांचा पाया घातला. नावांच्या बाबतीत एक खुलासा मात्र आवश्यक आहे. 'क' वर्गाला आपण कंठ्य म्हणतो, परंतु त्याचा स्पर्श घशात होत नाही, मऊ टाळूवर होतो. घशात, स्वरतंतूंच्या पातळीवर, तयार होणारा वर्ण 'ह' आहे.

जीभ कुठे टेकते याने ध्वनी का बदलावा, हा प्रश्न स्थानांच्या यादीने सुटत नाही. त्यासाठी तोंडाकडे एक पोकळी म्हणून पाहावे लागते. 'स' लांबवून म्हणावा आणि तो न तोडता जीभ हळूहळू मागे सरकवत 'श'पर्यंत जावे. फुत्कार तसाच चालू राहतो, पण त्याची पट्टी उतरत जाते. याचे कारण असे की हवा ज्या अरुंद फटीतून घासत बाहेर पडते तिच्या पुढची पोकळी 'स'मध्ये अगदी लहान असते, आणि जीभ मागे गेली की ती मोठी होते. लहान पोकळीत उंच स्वर घुमतो आणि मोठ्या पोकळीत खालचा, हे घागर भरताना बदलत जाणाऱ्या आवाजावरून सर्वांना ठाऊक आहे. 'स'ची बहुतेक ऊर्जा सुमारे 4000 हर्ट्झच्या वर असते, तर 'श'ची साधारण 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यापासूनच सुरू होते. जुन्या दूरध्वनीवरून सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, म्हणून 'स'चा मोठा भाग वाटेतच गळून पडत असे आणि नावाची इंग्रजी अक्षरे सांगताना 'एस' की 'एफ' असा घोटाळा हमखास होत असे.

'क, ट, त, प' यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. हे वर्ण उच्चारताना हवेची वाट पूर्ण बंद होते, आणि त्या क्षणी कानावर पडण्यासारखे जवळजवळ काही नसते. मग 'पाट' आणि 'पात' यांतील फरक आपल्याला कळतो कसा? वाट उघडताना होणारा बारीक स्फोट काही प्रमाणात सांगतो, पण पुष्कळ माहिती शेजारच्या स्वरात असते. 'पाट' म्हणताना 'आ' संपण्यापूर्वीच जिभेचे टोक वर उचलले जाऊन मागे वळू लागते, तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो, आणि 'आ'च्या शेवटच्या अंशाला एक वेगळी छटा येते. कान ती छटा पकडतो. म्हणजे मूर्धन्य वर्णाची ('ट' वर्गासारख्या, टोक मागे वळवून म्हटलेल्या वर्णाची) वर्दी त्याच्या आधीचा स्वरच देतो. मराठीत 'ण' आणि 'ळ' यांनी शब्द सुरू होत नाहीत, याचे एक कारण ध्वनिशास्त्राचे अभ्यासक इथे पाहतात: शब्दाच्या आरंभी वर्दी द्यायला आधीचा स्वरच नसतो, त्यामुळे 'न' आणि 'ण' यांतील फरक तिथे टिकवणे अवघड जाते.

आता रामायणाकडे परत येऊ. संस्कृतात 'र', 'ष' आणि 'ऋ' हे मूर्धन्य मानले आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी जिभेचे टोक वर उचलले जाऊन मागे जाते. पाणिनीचा नियम असा की एकाच पदात 'र' किंवा 'ष' यांच्यानंतर येणाऱ्या 'न'चा 'ण' होतो, आणि मध्ये स्वर, ह, य, व, र, 'क' वर्ग किंवा 'प' वर्ग आला तरी होतो. इतर वर्ण मध्ये आले तर होत नाही. कागदावर ही यादी मनमानी वाटते, पण जिभेच्या टोकाकडे लक्ष ठेवून वाचली की तिचा अर्थ लागतो. 'र'साठी वर गेलेले टोक, त्याला दुसरे काम मिळेपर्यंत, तिथेच तयारीत राहते. 'प' वर्गाचे काम ओठ करतात आणि 'क' वर्गाचे काम जिभेचा मागचा भाग करतो, त्यामुळे टोकाला हलण्याची गरज पडत नाही. 'ह' घशातला आहे. 'य' आणि 'व' कुठेही घट्ट स्पर्श करत नाहीत. परंतु 'त' वर्ग, 'च' वर्ग, 'ल', 'श' आणि 'स' यांच्यासाठी जिभेचे टोक किंवा त्यालगतचा भाग लागतोच, आणि ते काम करून झाले की आधीची तयारी मोडलेली असते.

म्हणून 'रामायण' या शब्दात 'र' आणि 'न' यांच्यामध्ये 'म' आणि 'य' आहेत, ते टोकाला त्रास देत नाहीत, आणि 'ण' होतो. 'रसायन'मध्ये 'स' येतो, टोक खाली येते, आणि 'न' हा 'न'च राहतो. 'प्रमाण', 'तर्पण', 'ग्रहण', 'कृपण', 'गृहिणी' या शब्दांत मध्ये ओठांचे किंवा घशाचे वर्ण आहेत. 'दर्शन', 'वर्तन', 'रचना', 'प्रार्थना', 'अर्जुन', 'प्रधान' या शब्दांत अनुक्रमे श, त, च, थ, ज आणि ध आडवे आले आहेत. 'दक्षिणायन'मध्ये 'क्ष'मधल्या 'ष'ने पहिल्या 'न'चा 'ण' केला, आणि तो 'ण' उच्चारताना टोकाचे काम संपले, त्यामुळे पुढचा 'न' सुटला. 'उत्तरायण'मध्ये असा अडथळा नाही. नियम 'एकाच पदात' असे म्हणतो हेही महत्त्वाचे आहे: 'रामनाम' या समासात दोन पदे वेगळी राहतात, म्हणून तिथे 'ण' होत नाही, पण समास एखाद्याचे नाव बनला की बदल होऊ शकतो, जसे 'शूर्प' आणि 'नख' यांपासून झालेल्या 'शूर्पणखा' या नावात. अडीच हजार वर्षांच्या आसपासचा हा नियम आजही आपल्या लेखनात जिवंत आहे, आणि तो केवळ स्नायूंच्या सोयीचे वर्णन आहे, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.

मराठीने मात्र स्वतःच्या घरच्या शब्दांत वेगळाच मार्ग धरला. 'पाणी', 'कोण', 'लोणी' यांतला 'ण' वरील नियमाने आलेला नाही. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकटा 'न' प्राकृतात 'ण' झाला, त्यातून 'पानीय'चे 'पाणी' झाले. उलट 'कर्ण', 'पर्ण' आणि 'सुवर्ण' या शब्दांतील जोडाक्षराचे प्राकृतात द्वित्त झाले, म्हणजे एकच वर्ण दोनदा आला, आणि मराठीत येताना त्याचा 'न' झाला, म्हणून आपण कान, पान आणि सोने म्हणतो. मुळात 'न' असलेल्या पाण्यात आज 'ण' आहे, आणि मुळात 'ण' असलेल्या पानात आज 'न' आहे. बोलीत 'पानी' म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवण्यापूर्वी हा इतिहास डोळ्यांसमोर असलेला बरा.

एका वर्णासाठी गेलेली जीभ पुढच्या वर्णाची तयारी आधीपासून करते, हे अनुस्वारात सर्वांत स्पष्ट दिसते. 'पंकज', 'पंचम', 'खंड', 'संत' आणि 'कंप' या शब्दांत आपण एकच टिंब देतो, पण उच्चारताना जीभ अनुक्रमे क, च, ट, त वर्गांच्या स्थानी जाते आणि 'कंप'मध्ये ओठ मिटतात. टिंब वाचणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. पुढे स्पर्शवर्ण नसला तर मराठीची खास तऱ्हा दिसते: 'सिंह' आणि 'संसार' यांचा उच्चार आपण 'सिंव्ह' आणि 'संव्सार' यांच्या जवळ जाणारा करतो. 'उच्चार' हा शब्दसुद्धा अशाच तयारीतून झाला आहे. मूळ 'उत्' आणि 'चार'. 'त'साठी दातांकडे निघालेली जीभ पुढच्या 'च'च्या ओढीने टाळूला लागली आणि 'त'चा 'च' झाला. 'सज्जन' आणि 'उल्लेख' हे याच जातीचे.

मराठीतील 'च', 'ज' आणि 'झ' यांचा विषय तर स्वतंत्र लेख मागणारा आहे. या तिन्ही अक्षरांचे आपण दोन-दोन उच्चार करतो, आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. 'चोर', 'चाक', 'जाळे', 'झाड' या शब्दांत जिभेचे टोक दातांमागे टेकते आणि सुटताना 'स'सारखा घासून आवाज येतो. 'त' आणि 'स' झटकन एकत्र म्हटल्यासारखा. 'चंद्र', 'चिमणी', 'जीवन' यांत जिभेचा पुढचा रुंद भाग टाळूला लागतो आणि सुटताना 'श'सारखा आवाज येतो. पहिला उच्चार दंततालव्य, दुसरा तालव्य. 'गुराला चारा चार' यातला 'चार' आणि तीनानंतरचा 'चार', थोडे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा', लिहिताना सारखेच आणि बोलताना वेगळे आहेत. 'चिंच' या एवढ्याशा शब्दात पहिला 'च' तालव्य आहे आणि दुसरा दंततालव्य.

यातला बराचसा भाग पुन्हा जिभेच्या तयारीने उलगडतो. 'इ', 'ई', 'ए' आणि 'य' यांच्यासाठी जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो, त्यामुळे त्यांच्या आधीचा 'च' तालव्यच होतो. 'चमचा'मधला दुसरा 'च' दातांपाशी आहे, 'चमचे' म्हणताच तो टाळूवर जातो. 'माझा'मधला 'झ' 'माझी'मध्ये तसाच बदलतो. हीच ओढ 'स'वरही चालते: 'घोडा'चे 'घोड्याला' होते त्याच रीतीने 'घसा'चे 'घस्याला' व्हायला हवे होते, पण 'य'ने 'स'ला टाळूकडे ओढले आणि आपण 'घशाला', 'सशाला', 'पैशाला' म्हणतो. लेखनाच्या नियमांनी हा बदल स्वीकारला आहे. 'दरवाजा' आणि 'मोजा' यांच्या बाबतीत मात्र उच्चारात 'ज्या' येत असले तरी 'दरवाजाला', 'मोजाला' असे लिहावे, असे नियम सांगतो. इतर स्वरांपुढे कोणता 'च' येईल हे शब्द कुठून आला यावर ठरते; संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा तालव्य राहतात, म्हणून 'चरण' आणि 'चणे' यांचा आरंभ सारखा नाही. कोकणी आणि तेलुगू या शेजारणींतही असा दुहेरी उच्चार आहे. हिंदी मातृभाषा असलेल्या माणसाला मराठी बोलताना नेमका इथे त्रास होतो, कारण त्याच्याकडे तालव्य 'च' एवढाच असतो.

असाच त्रास आपल्याला इंग्रजीत होतो. इंग्रजी 'टी' आणि 'डी' या वर्णांसाठी जीभ हिरडीच्या उंचवट्याला टेकते. मराठीत दातांना टेकणारा 'त' आहे आणि त्याहून मागे जाणारा 'ट' आहे, त्या दोहोंच्या मधली ही जागा आपल्याकडे रिकामी आहे. आपल्या कानाला ती 'ट'च्या जवळची वाटते, म्हणून 'टेबल' आणि 'डॉक्टर' असे शब्द आपण मूर्धन्य करून घेतले. मूर्धन्यातही सर्वत्र सारखेपणा नाही. तमिळ आणि तेलुगू भाषकांची जीभ आपल्यापेक्षा अधिक मागे वळते.

जिभेची जागा नेमकी पाहण्यासाठी अभ्यासक पूर्वी जिभेला कोळशाची पूड आणि तेल यांचे मिश्रण लावून एकच वर्ण उच्चारायला सांगत आणि टाळूवर उमटलेला ठसा आरशात पाहत. पुढे टाळूला बसणारी पातळ पट्टी आली, जिच्यावरील विद्युत-अग्रे (एका प्रचलित यंत्रात ती 62 असतात) जीभ कुठे लागली ते संगणकावर दाखवतात. घरी एक सोपा उपाय करता येतो. 'ल' उच्चारण्याच्या स्थितीत जीभ तशीच धरावी आणि आवाज न करता श्वास जोराने आत ओढावा. गार हवा जिभेच्या दोन्ही कडांना लागते, मध्ये लागत नाही. 'ल' हा वर्ण बाजूंनी वाहतो हे तेवढ्यात समजते. हाच प्रयोग 'स'च्या स्थितीत केला तर गारवा जिभेच्या मधोमध, टोकाजवळ जाणवतो.

'ळ' हाही बाजूंनीच वाहणारा, पण त्याचे टोक 'ट'च्या जागी जाते आणि तिथे थांबत नाही, पुढे झटकले जाते. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत, 'अग्निमीळे'मध्ये, तो आहे. गुजराती, पंजाबी, ओडिया, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम भाषांत आहे, प्रमाण हिंदीत आणि बंगालीत नाही. आपल्याकडेही वऱ्हाडीत आणि अहिराणीत त्याच्या जागी 'य' येतो, 'डोळा'चा 'डोया' होतो: टोकाची ती झटकन होणारी हालचाल गळली की जवळचा मऊ वर्ण उरतो. मराठीत 'काल' आणि 'काळ', 'मूल' आणि 'मूळ', 'पाल' आणि 'पाळ' असे अर्थ बदलणारे शब्द असल्यामुळे 'ळ' टाळून चालत नाही. परदेशी वाढलेल्या मुलांना किंवा मराठी शिकणाऱ्या शेजाऱ्यांना तो जमत नाही, तेव्हा आपण मोठ्याने 'ळ, ळ' म्हणत राहतो, आणि त्यांच्या कानाला दर वेळी 'ल'च ऐकू येतो. त्याऐवजी त्यांना आधी 'ट' म्हणायला सांगून टोक कुठे लागले ते लक्षात ठेवायला सांगावे. मग टोक तिथेच ठेवून, जिभेच्या कडा सैल सोडून, बाजूंनी आवाज वाहू द्यायला सांगावे. ते जमले की टोक तिथे न रेंगाळता खाली पुढे टाकायचे. सुरुवात सुट्या 'ळ'ने करू नये, कारण या वर्णाची ओळख त्याच्या आधीच्या स्वरात असते; 'आळ', 'काळ', 'बाळ' यांपासून करावी, तिथून 'डोळा' आणि 'केळी' यांवर यावे, आणि 'जवळजवळ' सगळ्यांत शेवटी घ्यावे.